छत्रीला वीज किती लागते?

हाटकेशच्या उद्योगनगरात मामांचा गाळा आहे. गाड्यांची वायरिंग हे त्यांचं काम. घोडबंदर रस्त्याकडे शूटिंगला जाणाऱ्या व्हॅनिटी व्हॅन, अँब्युलन्स, खाऊच्या गाड्या असं सगळं त्यांच्याकडे येतं. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, दहिसर ते भाईंदर या पट्ट्यात चाळींच्या कौलांवर चढून त्यांनी अँटेने बसवले. भाची इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, बॅटरी पॅक बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. शनिवारी ती मामांकडे हात काळे करायला येते.

सध्या दोघांच्या मध्ये एक जुनी ट्रॅव्हलर उभी आहे. भाईंदरच्या एका निवृत्त शिक्षक जोडप्याने ती घेऊन, आरटीओची मंजुरी काढून, आत दोन बिछाने, छोटा ओटा आणि कप्पे करून घेतले आहेत. आधी कोकण, मग विदर्भ असा बेत आहे. त्यातल्या बाईंची मागणी एकच: संध्याकाळी दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीच्या बातम्या मोठ्या पडद्यावर दिसल्या पाहिजेत.

गाडीत संसार मांडून फिरण्याची हौस आपल्याकडे आता रुजते आहे. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण गाडीतल्या विजेचा विषय निघाला की बहुतेक जण ‘एक इन्व्हर्टर टाकून द्या’ म्हणून मोकळे होतात. मामा आणि भाची तसे मोकळे होत नाहीत, भांडतात. ते भांडण मला मोलाचं वाटलं, म्हणून इथे मांडतो आहे.

भाची : मामा, मुळात अँटेना हवाच कशाला? दोघांकडे फोन आहेत, सह्याद्री फोनवर दिसतं. फोन पाच वॉटसुद्धा खात नाही.

मामा : फोनवर बाईंना खालची पट्टी वाचता येत नाही. सरळ तसं म्हणाल्या त्या.

भाची : मग टीव्हीला स्टिक लाव, फोनचं हॉटस्पॉट दे. टीव्ही २५ वॉट, स्टिक चार, हॉटस्पॉटवरचा फोन तीन. झाले ३२.

मामा : आणि माझी छत्री, म्हणजे डिश? तोच २५ चा टीव्ही, सेट-टॉप बॉक्स आठ, छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणारा एलएनबी दोन-तीन. ३६ झाले. चार वॉटसाठी भांडतेस?

भाची : चार वॉटसाठी नाही. टपावर छत्री, खाली केबल, एक बॉक्स, एक जास्तीचा रिमोट, एवढी कटकट कशासाठी, असं विचारतेय.

मामा : नेटवर्क नसेल तेव्हासाठी. डोंगर पाठीशी घेऊन बसलेल्या वाडीत फोनला एक काडी येते आणि जाते. त्या एका काडीवर बातम्या गोल गोल फिरत बसतात. डोंगर पाठीशी असला तरी आकाश काही झाकत नाही.

इथे मामांचं म्हणणं मला पटतं. विजेच्या हिशेबात दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच पडतात, त्यामुळे निर्णय विजेवर होणार नाही. तो पोचण्यावर होईल. एका टॉवरवर गर्दी वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा डेटा आटतो. वारीचा तळ, जत्रा, दिवाळीच्या सुटीतला समुद्रकिनारा इथे हे कुणीही अनुभवलेलं असतं. प्रक्षेपणात तसं होत नाही. एक गाडी बघो की एक लाख, उपग्रहाला त्याचा भार नाही.

भाची एवढ्यावर थांबणारी नव्हती. तिने विचारलं, मग छत्रीच का? तुझा जुना काड्यांचा अँटेना का नको? हलका असतो, गाडीच्या काचेला चिकटवता येतो.

मामा : त्याला पकडायला हवेत काही राहिलंय का? मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. वरळीचा ३०० मीटरचा मनोरा, आणि आमची सगळी तोंडं वरळीकडे. इथून तीसेक किलोमीटर. भाईंदरमध्ये चित्राला मुंग्या यायच्या म्हणून काठीवर बूस्टर लावायचो. बूस्टरची वीज खालून, टीव्हीजवळच्या डबीतून, त्याच केबलने वर जायची. एकाच तारेतून चित्र खाली आणि वीज वर. लोकांना ते खरं वाटायचं नाही.

भाची : आणि आता?

मामा : ॲनालॉग प्रक्षेपण प्रसार भारतीने मार्च २०२२ पर्यंत गुंडाळलं. सीमेजवळचे वगैरे पन्नासेक ट्रान्समीटर तेवढे ठेवले. २०१६ मध्ये मुंबईसह १६ शहरांत जमिनीवरचं डिजिटल सुरू केलं होतं, पण ते घेणारे टीव्ही घराघरांत आलेच नाहीत. शिवाय गाडी चिपळूणला गेली तर मुंबईचा मनोरा काय कामाचा? आपल्याकडे फिरत्या गाडीला उरते ती दूरदर्शनची फ्री डिश. डिसेंबर २००४ पासून आहे, महिन्याचे पैसे नाहीत, सह्याद्री त्यात आहे.

परदेशातल्या कॅरॅव्हॅनच्या टपावर जो बशीसारखा चपटा अँटेना दिसतो, तो जमिनीवरच्या मनोऱ्यांसाठी असतो. त्याच्या आतल्या बूस्टरला गाडीच्या १२ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या डबीतून, केबलमधूनच, वीज द्यावी लागते. तो इथे मागवून बसवणारे हौशी लोक आहेत. बसवल्यावर दिवा पेटतो, चॅनेल शोधायला लावलं की शून्य. त्यात बूस्टरचा दोष नसतो आणि विजेचाही नसतो.

छत्रीच्या विजेचं काय, हा प्रश्न मी मध्येच विचारला. मामांनी फळीवरून जुना एलएनबी काढला आणि माझ्या हातात दिला. मुठीत मावेल एवढा प्लॅस्टिकचा गोळा, मागे पितळी आट्यांचं एक तोंड. बस. त्याला विजेची वेगळी तार नाहीच.

भाची : याला वीज बॉक्स पाठवतो, त्याच केबलमधून. उभ्या ध्रुवणाचे चॅनेल हवे असतील तर १३ व्होल्ट, आडव्याचे हवे असतील तर १८. व्होल्टेज हाच हुकूम. आणि वरचा बँड हवा असला की त्यावर २२ किलोहर्ट्झचा एक सूर चढवतो.

मामा : म्हणून सांगतो, कुणी शहाणा छत्रीला वेगळा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर जोडायला निघाला तर त्याचा हात धरा. छत्रीला काही द्यायचं नाही. बॉक्सला स्वच्छ १२ व्होल्ट द्या, पुढचं तो बघतो. बहुतेक बॉक्सच्या मागे लिहिलेलंच असतं, १२ व्होल्ट डीसी.

भाची : आणि केबलची पिन नीट करा. बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तांब्याला टेकला तरी शॉर्ट. मग छत्री कितीही फिरवा, पडदा काळाच.

मामांनी एक पिन करून दाखवली. केबलचं काळं कातडं बोटभर सोलायचं, जाळी मागे दुमडायची, पांढरा फोम नखाएवढा काढायचा, मधली तार पिनच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवायची. मग डोळ्यांजवळ नेऊन उजेडात बघायचं, एखादा चुकार केस राहिलाय का. साठीतल्या माणसाने चष्मा कपाळावर ढकलून ते इतकं मन लावून पाहिलं, की गाड्यांतली निम्मी दुखणी कुठे असतात हे मला न सांगता कळलं.

खरं भांडण पुढे पेटलं, बॉक्सला आणि टीव्हीला १२ व्होल्ट द्यायचे कसे यावर.

मामा : छोटा इन्व्हर्टर टाकू. टीव्हीचा ॲडॉप्टर, बॉक्सचा ॲडॉप्टर, सगळं २३० वर. ॲडॉप्टर जळला तर कुठल्याही तालुक्याच्या बाजारात दुसरा मिळतो. तुझं ते खास कन्व्हर्टर देवगडात कोण देणार?

भाची : मामा, बॅटरी १२ ची. तिचे २३० करायचे, आणि ॲडॉप्टरने पुन्हा १२ वर आणायचे. जाताना इन्व्हर्टर दहा-पंधरा टक्के खाणार, येताना ॲडॉप्टर तेवढेच. शिवाय नुसता चालू ठेवला तरी इन्व्हर्टर आठ-दहा वॉट पितो. ३६ वॉटच्या कामाला बॅटरीतून ५५ च्या वर जाणार. आपण मघाशी चार वॉटवरून भांडत होतो!

मामा : मग थेट बॅटरीवरून दे.

भाची : थेटही नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या वर व्होल्ट असतात, स्टार्टर मारताना नऊ-दहापर्यंत खाली येतात. बॉक्सला दोन्ही सोसवत नाही. मध्ये बक-बूस्ट कन्व्हर्टर हवा. आत नऊ येवोत की पंधरा, बाहेर बारा. आणि असे दोन घेऊ, एक कप्प्यात राखीव. झालं तुझं देवगड?

मामा हसले, पण लगेच दुसरा मुद्दा काढला. स्वस्तातले असे कन्व्हर्टर रेडिओ लहरींचा कचरा करतात, तो त्यांना जुन्या बूस्टरच्या काळापासून माहीत. भाचीने तो मान्य केला. छत्रीच्या केबलवर ९५० मेगाहर्ट्झच्या वर काम चालतं, तिथे या कचऱ्याचा त्रास कमी होतो. तरी कन्व्हर्टर केबलपासून लांब ठेवायचा आणि त्याच्या तारेवर फेराइटचं कडं चढवायचं ठरलं. त्याच गाडीत रेडिओ ऐकायचा असेल तर हे कडं लागतंच.

तारेच्या जाडीवर मात्र तिने मामांना सोडलं नाही. बॅटरीपासून टीव्हीपर्यंत सहा मीटर, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली आणि तीन अँपिअर खेचले, तर वाटेतच जवळपास अर्धा व्होल्ट जातो. घरात २३० मधून अर्धा व्होल्ट गेला तर कुणाला कळतही नाही. इथे रात्री उशिरा बॅटरी बारावर आलेली असताना तोच अर्धा व्होल्ट टीव्ही बंद पाडतो. म्हणून अडीचची तार, आणि बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत पाच अँपिअरचा फ्यूज. फ्यूज टीव्हीजवळ लावणारे लोक टीव्ही वाचवतात. मधली सहा मीटर तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर जळते ती गाडी.

मामा : आणि गाडी स्टार्ट करणाऱ्या बॅटरीला हात लावायचा नाही. टीव्ही बघितला आणि सकाळी गाडी स्टार्ट झाली नाही, हे मी सहन करणार नाही.

भाची : मी तरी कुठे लावतेय? दुसरी बॅटरी, १०० अँपिअर-तासांची. लेडची असेल तर निम्मीच वापरायची, म्हणजे ६०० वॉट-तास. चार तास टीव्हीला दीडशे धर. टीव्हीवरून लोक उगाच जीव काढतात, खरं खाणारं जनावर फ्रिज आहे. बारा व्होल्टचा छोटा फ्रिजसुद्धा दिवसाला चारशे वॉट-तास सहज नेतो.

मामांना यावरून एक दिंडीचा ट्रक आठवला. मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट, म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक. कुणीतरी दिव्यांसाठी आणि टीव्हीसाठी त्यातल्या एकीवरूनच बारा व्होल्ट काढले होते. चार्जिंग मात्र दोघींना मिळूनच होतं. त्यामुळे जिच्यावरून काढलं ती सदा उपाशी, आणि दुसरी फाजील चार्ज होऊन तिचं पाणी उडतं. हंगाम संपायच्या आत दोन्ही गेल्या. ट्रकमध्ये बारा हवे असतील तर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवरून २४ घ्या आणि कन्व्हर्टरने उतरवा, दुसरा रस्ता नाही. पालखीबरोबर ट्रक नेणाऱ्या दिंडीवाल्यांनी एवढं जरूर तपासून घ्यावं.

बॅटरीवरचा टीव्ही ही काही आजची गोष्ट नाही. १९८७ च्या जानेवारीत रामायण सुरू झालं तेव्हा वीज न पोचलेल्या किंवा वीज पळणाऱ्या गावांत लोक ट्रॅक्टरची नाहीतर ट्रकची बॅटरी उचलून आणत आणि चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही तिच्यावर लावत. त्यातल्या पुष्कळ टीव्हींच्या पाठीला १२ व्होल्टचं भोक असायचं. मामांनी अशा कितीतरी वायरी करून दिल्या. गावाने मिळून बॅटरी चार्ज करून आणायची, आणि रविवारी सकाळी ती देवळापुढे ठेवायची. आपण ज्याला नवी हौस म्हणतो, ती आपल्या आधीच्या पिढीने गरज म्हणून करून झालेली आहे. ती कारागिरी विस्मरणात गेली याचं मला वाईट वाटतं.

दिशेचा विषय निघाला तेव्हा मामा आम्हाला गाळ्याबाहेर घेऊन आले. फ्री डिशचे चॅनेल जीसॅट-१५ वरून येतात, हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आहे. हाटकेशहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे मोजलं तर १३१ अंशांवर, आणि जमिनीपासून ५७ अंश वर.

भाची : त्या बाजूला तर राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत.

मामा : डोंगर ५७ अंश चढत नाहीत. अडवतात त्या इमारती. तुझं गणित लाव.

तिने लावलं. साठ मीटर उंच इमारत आग्नेयेला ३८ मीटरच्या आत असेल तरच आड येते. त्याहून लांब असेल तर सिग्नल तिच्या डोक्यावरून येतो. झाडाचंही तसंच, फक्त पावसाळ्यातलं ओलं झाड जास्त अडवतं. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची नजर तीनेक अंशांची असते, म्हणजे दीड अंश इकडेतिकडे झालं की चित्र तुटायला लागतं. हाटकेशहून रत्नागिरीला गेलं तर कोन दोन-तीन अंशांनी बदलतो, नागपुरात दिशा १४५ वर जाते. त्यामुळे प्रत्येक मुक्कामी छत्री नव्याने लावणं आलं. फोनमधलं होकायंत्र पुरतं, मुंबईकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर जवळजवळ एकच आहे. फक्त ते गाडीच्या पत्र्याजवळ धरायचं नाही, दहा पावलं लांब जाऊन बघायचं.

भाची : आणि आषाढातल्या पावसात?

मामा : जोराच्या सरीत जाणार. ते खोटं कशाला बोलू? नव्वदची छत्री घेतली तर दुपटीहून जास्त सिग्नल मिळतो, मध्यम पाऊस निभतो. धो धो पडायला लागला की तीही थांबते. सर सरली की परत येतं.

भाची : म्हणजे वादळात, जेव्हा खरी गरज, तेव्हा तुझी छत्री बंद!

मामा : वादळात नाही, वादळानंतर गरज. निसर्ग चक्रीवादळ आलं ३ जून २०२० ला. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली. खांब आडवे, वीज नाही, मोबाइल टॉवर मुके. कित्येक गावांना किती दिवस बाहेरचं काही कळत नव्हतं. उपग्रहाला त्या वाऱ्याचं काय? छत्री घडी करून गाडीत ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी उभी करता येते.

भाची : त्याला टीव्ही कशाला? दोन सेलचा ट्रान्झिस्टर पुरतो.

मामा : ट्रान्झिस्टर ठेवूच. पण पुढचं वादळ कुठून कुठे चाललंय हे नकाशावर दिसतं. ऐकून ते समजत नाही.

या ठिकाणी दोघेही बरोबर आहेत आणि दोन्ही वस्तू मिळून एका पिशवीत मावतात. मला मात्र मामांची बाजू जास्त जवळची वाटते. सार्वजनिक प्रक्षेपण हे रस्त्यासारखं आहे, पैसे भरणाऱ्यालाही आणि न भरणाऱ्यालाही सारखंच. ते घेण्याची साधनं आपण एकेक करून टाकून देतो आहोत, कारण आज नेटवर्क आहे.

सरकारी पातळीवर काही हालचाल आहे. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये उपग्रह ट्यूनर आतच असलेल्या टीव्हीसाठी मानक काढलं. असा टीव्ही घेतला तर बॉक्स जातो, एलएनबीला १३-१८ व्होल्ट टीव्हीच देतो, आणि गाडीत एक ॲडॉप्टर कमी होतो. आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्ज यांनी मिळून थेट मोबाइलवर प्रक्षेपण उतरवण्याच्या चाचण्याही केल्या आहेत, त्यात इंटरनेट लागत नाही. भाची म्हणाली, ते आलं की तुझी छत्री भंगारात. मामा म्हणाले, आलं की बघू, गाडी या महिन्यात द्यायची आहे.

शेवटचा वाद टपाला भोक पाडण्याचा. मामांना छत्री टपावर पक्की हवी होती, चोरी होत नाही म्हणून. भाचीचा मुद्दा असा की कोकणातल्या उन्हात माणूस गाडी झाडाखाली लावणार, आणि झाडाखाली छत्रीला आकाश नाही. तिपाई आणि दहा मीटर केबल असली की गाडी सावलीत राहते, छत्री उघड्यावर. तिपाईच्या पायांवर पाण्याचे दोन कॅन ठेवले की वाऱ्याने पडत नाही. शिवाय भोक पाडलं की पहिल्या पावसात आत गळती. मामांनी हे मानलं. अट एकच घातली की वर विजेची तार नाही हे बघितल्याशिवाय तिपाई उभी करायची नाही, आणि गडगडाट ऐकू आला की केबल बॉक्सपासून काढून टाकायची.

कॅरॅव्हॅनचं धोरण राबवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. जिथे या गाड्यांना थांबायला जागा देता, तिथे आग्नेयेला आकाश मोकळं असलेला एक कोपरा राखा, आणि तिथे नीट अर्थिंग केलेला एक सॉकेट द्या. खर्च फार नाही.

यादी झाली: अडीचची तार, फ्यूज, दोन कन्व्हर्टर, दहा मीटर आरजी-सिक्स केबल, साठची छत्री, तिपाई, एक राखीव एलएनबी, ट्रान्झिस्टर. गुरुजींना फोन करून मामा म्हणाले, रविवारी सकाळी या, छत्री लावून दाखवतो. भाचीने फोन त्यांच्या हातातून घेतला.

“काका, मामा दाखवणार नाहीत. तुम्ही आणि काकूंनी लावायची, आम्ही बाजूला उभे राहू. तुमच्या हाताने सह्याद्री दिसलं की गाडी घेऊन जा.”